५के-१०के रेसला पैसे भरावेत का? आठ महिने पळून झाल्यावर

जुलैपासून पाच रेस पळाले, तीन ५के (पाच किलोमीटर) आणि दोन १०के (दहा किलोमीटर), सगळ्या नाशकातच. दर वेळी कुणीतरी विचारतंच, पाच किलोमीटर तर कृषीनगरच्या ट्रॅकवर फुकटात होतात, सहा-सातशे रुपये कशाला घालवतेस? म्हणून सविस्तर लिहितेय.

अंतर फुकटात होतं, पण तसं पळणं होत नाही. मी रोज साडेसातच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटं घेत पळायचे आणि आपला वेग एवढाच असं धरून चालले होते. पहिल्या ५केला सगळे सुटले तशी मीपण सुटले, पहिला किलोमीटर पावणेसहात गेला, चौथ्याला पोटऱ्या दगड झाल्या आणि श्वास पुरेना, तरी ३४ मिनिटांत पोचले. फेब्रुवारीत तेच अंतर २९:४० ला झालं. फरक पडला तो सुरुवात आवरायला शिकल्यामुळे, आणि ते रेसमध्येच कळतं कारण ट्रॅकवर दम लागला की आपण सरळ चालायला लागतो. शिवाय मागच्या वर्षी हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) केली तेव्हा दोन आठवडे पाय जड होते, ५केनंतर तिसऱ्या दिवशी नेहमीसारखी पळते, त्यामुळे झालेली चूक महिन्याभरात सुधारून बघता येते.

पैसे भरायच्या आधी एक मात्र नक्की विचारा, ५केला टायमिंग चिप आहे का. बऱ्याच ठिकाणी चिप १०केपासून वरच असते आणि ५के नुसती फन रन. बिबमागे, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरामागे, चिप असली की स्टार्टला अंथरलेल्या मॅटवर पाय पडल्यापासून तुमची वेळ मोजतात, गर्दीत मागे उभं राहिलात तरी नुकसान नाही. एका रेसला चिपही नव्हती आणि यू-टर्नला माणूसही नव्हता, आम्ही कितीतरी जण अलीकडूनच वळलो, घड्याळात ४.६ किलोमीटर! मेडल मिळालं, पण मला फार वाईट वाटलं, महिनाभर त्या एका वेळेसाठी तयारी केली होती.

आणि ‘फक्त दहाच का?’ म्हणणाऱ्यांना एवढंच, आपल्या नाशिकच्या धावपटू कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये ब्राँझ घेतलं ते १०,००० मीटरमध्येच, ट्रॅकचे २५ राऊंड.

माझी शेवटची १०के १:०२ ला झाली. पुढची भरलीय, चिप आहे हे फोन करून विचारलं, आता तासाच्या आत यायचंय.