मुंबई–नागपूर: विमान, दुरांतो की समृद्धी?

विमानाच्या तिकिटावर दीड-पावणेदोन तास लिहिलेले असतात आणि बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. रेल्वेने भुसावळमार्गे ८३७. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो भिवंडीजवळ आमण्याला सुरू होतो. दादरहून तिथवर पोचण्यातच, वेळ वाईट असेल तर, दीड तास जातो.

ठाण्याहून सकाळी निघालात तर विमानतळापर्यंत एक तास धरा. काउंटरवर सामान घेणं उड्डाणाआधी साधारण तासभर बंद होतं, म्हणून दीड तास आधी पोचलेलं बरं. पुढे प्रवास पावणेदोन तास, बॅग मिळायला वीस मिनिटं, नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून शहराच्या मध्यावरची सीताबर्डी आणखी वीस-पंचवीस. झाले की पाच तास! शिवाय आता नवी मुंबईहूनही विमानं सुटतात, तेव्हा तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे आधी बघा.

परतीचा भरवसा थोडा कमीच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. गर्दीच्या वेळी विमान वर घिरट्या घालत राहतं. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो, त्यात पाच-दहा मिनिटं जातात. डिसेंबर-जानेवारीत नागपूरला धुकं असेल तर पहाटेचं विमान रखडतं. त्याच दिवशी दुपारी लग्न किंवा कोर्टाची तारीख असेल तर आदल्या संध्याकाळीच जा.

दुरांतो एक्स्प्रेसला अकरा तास लागतात, पण ते झोपेतले. रात्री सव्वाआठच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, सकाळी सव्वासातच्या आसपास नागपूर. दिवस वाया जात नाही, हॉटेलची एक रात्र वाचते. एकट्या माणसाला, तिकीट कन्फर्म असेल तर, आमचा कौल हिलाच. विदर्भ एक्स्प्रेस जास्त वेळ खाते, मात्र दादर, ठाणे, कल्याणला थांबते.

गाडीत तिघे-चौघे असाल तरच समृद्धी परवडतो. टोल कारला चौदाशेच्या पुढे, इंधन वेगळं. वेगमर्यादा १२०, पण जेवण-चहा धरून दारापासून दारापर्यंत नऊ-दहा तास लागतातच. काँक्रीटचा तापलेला रस्ता आणि सलग वेग यांत जुने टायर फुटतात. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, आतून तापतो आणि जातो. निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवा तपासा, दर दोन तासांनी थांबा. सरळ रस्त्यावर डुलकी लागते, ती वेगळीच. दुचाकीला या रस्त्यावर बंदी आहे.

संत्र्यांची पेटी आणायची असेल तर विमानात देशांतर्गत सामानाची मर्यादा बहुधा १५ किलो असते. दहा किलोची पेटी घेतली की कपड्यांना पाचच उरतात.