आयबीची इंग्लिश ओरल: स्क्रिप्ट पाठ करायची की मुद्द्यांवर बोलायचं?

इंदूरात आपल्या ओळखीतली बरीच मुलं आता आयबीला (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम) आहेत आणि इंडिव्हिज्युअल ओरल, म्हणजे इंग्लिशची एकेकट्याने द्यायची तोंडी परीक्षा, जवळ आली की घरोघरी हाच प्रश्न, सगळं लिहून पाठ करू का नुसते मुद्दे काढू.

आधी नियम बघा, निम्मा निकाल तिथेच लागतो. दोन उतारे, प्रत्येकी जास्तीत जास्त ४० ओळींचे, दोन्हींना जोडणारा एक ग्लोबल इश्यू (जगात कुठेही लागू पडेल असा प्रश्न), १० मिनिटं मुलाने बोलायचं आणि मग ५ मिनिटं टीचरचे प्रश्न. सोबत फक्त खुणा न केलेले उतारे आणि जास्तीत जास्त १० मुद्द्यांचा कागद. म्हणजे स्क्रिप्ट आत नेताच येत नाही.

मिनिटाला सव्वाशे शब्द धरले तरी साडेबाराशे शब्द पाठ करायचे. फायदा आहेच, वेळ बरोबर बसतो, भाषा सुधारते आणि भाषेला ४० पैकी १० मार्क आहेत. पण एक वाक्य निसटलं की पुढचं सापडत नाही, आणि घरी मराठी बाहेर हिंदी बोलणाऱ्या आपल्या पोरांच्या तोंडून नेमकं तेव्हाच "मतलब" निघतं. शेवटच्या ५ मिनिटांत तर पाठांतराचा काहीच उपयोग नाही, तिथे उतारा खरंच कळलाय का तेच दिसतं.

मुद्द्यांवर बोलणारं मूल थोडं अडखळतं, पण परत उताऱ्यात बघून सावरतं. अट एकच, मुद्दा कामाचा हवा. "प्रतिमा" एवढंच लिहून काही होत नाही. "दिवा: ओळ ४ पेटलेला, १९ काजळी, ३६ विझला, घरात बाईचं बोलणं कमी कमी" असं लिहिलं की मिनिटभर आरामात बोलता येतं, कारण पुरावा आणि अर्थ दोन्ही समोर असतात. आणि इश्यू "स्त्रिया" इतका मोठा नको, "घरातल्या निर्णयांत बाईला न विचारणं" इतका नेमका हवा.

माझं मत मुद्द्यांच्याच बाजूने. इंग्लिश बोलायला फारच घाबरणाऱ्याने सुरुवातीची दोन-तीन वाक्यं आणि एका उताऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं वाक्य तेवढं पाठ करावं, बाकी नाही. प्रॅक्टिसला आजी-आजोबांना समोर बसवा, उतारा नाही कळला तरी चालेल, मधूनच "हे असं का म्हणतोस रे?" एवढं विचारायला सांगा.