विंडोज टाकायला गेलो आणि ५२,२१० रुपये घालवून बसलो

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ४९९, मग २,९९९, मग ४८,७१२. एकूण ५२,२१० रुपये. आणि लॅपटॉपला मुळात काहीही झालेलं नव्हतं.

मी सांगलीत जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करतो. लोक मला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पाठवून विचारतात, "साहेब, हे खरं आहे का हो?" आणि मी त्यांना सांगतो, लिंकला हात लावू नका. घरी बायको सोडून कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितोय कारण ज्या खोट्या 'कस्टमर केअर' नंबरवर मी फसलो तो अजून चालू असणार आणि तुमच्यापैकी कुणाचा तरी लॅपटॉप आज अडकणार.

लॅपटॉप २०२१चा, इंटेलच्या अकराव्या पिढीचा आय-फाइव्ह. विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा सपोर्ट संपला, पेपरात रकानेच्या रकाने आले, म्हणून म्हटलं आता ११ टाकू. अपडेट मध्येच अडकलं. त्यानंतर चालू केला की दुरुस्तीचा निळा स्क्रीन, बंद करून चालू केला की पुन्हा तोच. 'रिसेट' केलं तर म्हणे काही बदल झाले नाहीत. शेवटी ऑफिसच्या दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला, त्यावरून बूट केलं, भाषा निवडली, पुढे गेलो, आणि जिथे ड्राइव्हची यादी यायला हवी तिथे पांढरा चौकोन. एकही ड्राइव्ह नाही. खाली एक ओळ, की ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअर ओळखायला लागणारी फाइल) लोड करा.

जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्राची वीस तारीख तोंडावर होती. ज्यांनी वीस तारखेच्या आधीची रात्र काढली आहे त्यांना पुढचं समजावून सांगायला नको.

फोनवर लॅपटॉपच्या कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. ते वाचा. मी फोनवरून बघत होतो, चष्मा टेबलावर होता.

माणूस हिंदी बोलत होता, आवाज शांत, दर वाक्याला 'सर'. त्याने लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा सर्व्हिस टॅग, म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक, वाचायला सांगितला. मी वाचला, आणि त्याने मला मॉडेल, रॅम, वॉरंटी संपल्याची तारीख, सगळं बिनचूक सांगितलं. इथे माझा विश्वास बसला. कुणाचाही बसला असता. नंतर कळलं की तो टॅग कंपनीच्या साइटवर टाकला की ही माहिती कुणालाही दिसते. तेव्हा समोरच्याला तुमच्या मशीनची कुंडली माहीत आहे म्हणून तो कंपनीचा, असं समजू नका.

तो म्हणाला, "सर, चौदा अक्टूबर के बाद आपका लायसन्स ब्लॉक हो गया है, इसलिए ड्राइव्ह लॉक है." आता बघा, तारीख खरी, ड्राइव्ह दिसत नाही हेही खरं. खोटं फक्त मधलं. तपासणीचे ४९९ भरायला सांगितले. आमच्याकडचा दुरुस्तीवालाही पाचशे घेतो, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग लायसन्सचे २,९९९. तेही बाजारभावापेक्षा स्वस्तच. लॅपटॉप बंद आहे, मग मला स्क्रीन कसा दिसणार, असं म्हणून त्याने फोनमध्ये एक स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप घ्यायला लावलं, म्हणजे कॅमेरा लॅपटॉपसमोर धरला की त्याला दिसेल. त्या वेळी हे तर्काला धरून होतं, अजूनही ऐकायला तसंच वाटतं. पण कॅमेऱ्यातून दाखवायला साधा व्हिडिओ कॉल पुरतो, हे माझ्या मनात आलं नाही.

आता तो क्षण. त्यावर मी रोज रात्री जातो.

तो म्हणाला, पैसे मिळाले, आता अ‍ॅक्टिव्हेशनसाठी तिकीट नंबर सिस्टिममध्ये नोंदवायचा. यूपीआय अ‍ॅप उघडा, मघाच्याच नावावर जा, रकमेच्या रकान्यात तिकीट नंबर टाका, ४८७१२. "यह अमाउंट नहीं है सर, सिर्फ नंबर है." मी विचारलंसुद्धा की रकमेच्या रकान्यात का. विचारलं होतं मी! तर म्हणे गेटवेला दुसरा रकाना नाही. पिनचा स्क्रीन आला. त्यावर स्पष्ट दिसत होतं, ४८,७१२ रुपये, रुपयाच्या चिन्हासकट. आणि वर कंपनीचं नाव नव्हतं, एका माणसाचं नाव होतं, नाव-आडनाव. तेच नाव ४९९ च्या वेळी होतं, २,९९९ च्याही वेळी होतं. तीनदा डोळ्यांसमोर आलं. मी ज्या धंद्यात आहे त्यात माझं पोट नावं आणि आकडे जुळवण्यावर चालतं.

आणि ४८,७१२ च का? दुसरा हप्ता गेल्यावर बँकेचा मेसेज आला होता, शिल्लक ४८,९३०. स्क्रीन तो बघतच होता. तिकीट नंबर माझ्या शिल्लकीवरून निघाला होता.

फोन कट. लॅपटॉप समोर, तोच पांढरा चौकोन.

१९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन लावला. हे करा, कितीही वेळ लागला तरी धरून बसा, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत थांबवले तरच काही हाताला लागतं. लागला, तक्रार घेतली, पोचक्रमांक दिला, पोलीस ठाण्यात जा म्हणाले. ठाण्यात म्हणाले, सायबर पोलिसांकडे जा. सायबरला म्हणाले, पन्नास हजारांच्या आतलं ठाण्यातच. मी म्हटलं ५२,२१० आहेत. तर म्हणे, एकेक व्यवहार पन्नासच्या आत आहे. म्हणजे चोराने हप्त्याने घेतले म्हणून चोरी लहान झाली! परत ठाण्यात. तिथे पीआय साहेब बंदोबस्ताला, आणि आयटी कायद्याचा तपास पीआयच करू शकतात. कायद्यात तसं आहे, कलम ७८, मी घरी येऊन वाचलं. पण तपास वेगळा आणि तक्रार नोंदवून घेणं वेगळं, हे बाकावर बसवून ठेवणाऱ्याला कोण सांगणार? नव्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती घ्यावीच लागते. हा आकडा तोंडपाठ करून जा, थोडा फरक पडतो. एक हवालदार मात्र म्हणाला, "एवढे शिकलेले तुम्ही..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

बँक तर त्याहून वरताण. "पिन तुम्हीच टाकलाय ना?" हो, टाकलाय. "मग आमच्याकडून काही नाही." एफआयआरची प्रत आणा. पोलीस म्हणतात बँकेचं पत्र आणा. मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक छापून नेलं. त्यात अनधिकृत व्यवहार ग्राहकाने कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं, आणि जबाबदारी कुणाची हे सिद्ध करणंही बँकेनेच, असं लिहिलंय. मॅनेजरने ते उलटं ठेवलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फोन १४४४८.

ती जाहिरात मी कळवली होती. गेली. संध्याकाळी वेगळ्या नंबरसह परत वर. जाहिरातीचे पैसे घेणाऱ्यांना विचारणारं कुणी नाही, गुन्हेगार मात्र मी, कारण मी पिन टाकला.

लॅपटॉपचं काय झालं ते सांगतो, कारण निम्मे लोक त्यासाठीच इथवर आले असतील. शेजारच्या गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा, बारावी झालेला, बघून म्हणाला, "काका, व्हीएमडी आहे." इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी ड्राइव्ह, या व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते आणि विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो, म्हणून ड्राइव्ह दिसत नाही. त्याने इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उतरवला, उलगडून पेनड्राइव्हवर टाकला, त्याच स्क्रीनवर 'लोड ड्रायव्हर' दाबून फोल्डर दाखवला. एसएसडी समोर हजर, माझ्या सगळ्या पार्टिशनसह. बायोसमधून (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमधून) व्हीएमडी बंद करूनही दिसते, पण जुनं विंडोज ठेवायचं असेल तर ते करू नका, ते मग चालू होत नाही. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डेटाचं कुलूप) असेल तर त्याची ४८ आकडी 'रिकव्हरी की' तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आधी शोधून ठेवा. आणि लायसन्स? विंडोजसकट घेतलेल्या लॅपटॉपची 'लायसन्स की' मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. नेट जोडलं आणि आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं. विकत घ्यायचंच नसतं. पोराने ३०० रुपये घेतले.

स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप काढून टाकलं, फोन फॉरमॅट केला, यूपीआय पिन बदलला. हे आधी करा, ठाण्यात नंतर जा.

चोराच्या दुसऱ्या खात्यात ६,१४० रुपये गोठवले आहेत, असं अखेर कळलं. ते मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाला विचारलं. अर्जाची फी पाच हजार.