पोटभर खा, शुगर वाढणार नाही

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, मधुमेह होऊन बारा वर्षे झाली. ते आणि आई साताऱ्याला राहतात, मी पुण्यात नोकरी करते. अण्णांना फसवले असे मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. परंतु पैसे मी भरले होते, पिठाची पहिली पिशवी मी फोडली होती आणि विक्रेत्याच्या बोलण्यावर घरात सर्वांत आधी विश्वासही मीच ठेवला होता.

त्यामागचे कारण सांगितले पाहिजे. अण्णांना चपाती प्रिय. लहानपणी भाकरीवर वाढलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर भाकरी जवळजवळ सोडलीच आणि तिसऱ्या-चौथ्या चपातीवरून आमच्या घरात दर रविवारी वाद होऊ लागला. वडिलांच्या ताटावर नजर ठेवणारी मुलगी होणे मला नकोसे झाले होते. नेमक्या त्याच वेळी, गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, मंडळाच्या मांडवाशेजारी मोफत शुगर तपासणीचे शिबिर लागले.

तेथे अण्णांची शुगर 226 निघाली. तपासणाऱ्या तरुणाने चेहरा गंभीर केला आणि पांढरा कोट घातलेल्या, स्वतःला आहारतज्ज्ञ म्हणवणाऱ्या बाईंकडे आम्हाला पाठवले. अण्णांनी पाचच मिनिटांपूर्वी प्रसादाचा पेढा त्याच हाताने खाल्ला होता आणि हात न धुताच बोट पुढे केले होते, हे माझ्या लक्षात आले नाही. बोटाला गोड लागलेले असेल तर यंत्र चुकीचा, वाढलेला आकडा दाखवते. त्याच संध्याकाळी घरी साबणाने हात धुऊन पाहिले तेव्हा 168 आली, पण तोपर्यंत मी 14,400 रुपये भरून मोकळी झाले होते.

तीन महिन्यांच्या त्या ‘कोर्स’मध्ये अकरा धान्यांचे पीठ, साखर न घातलेले लाडू आणि कारले-जांभळाचा रस होता. बाईंचे वाक्य मला अजून पाठ आहे: “काका, या पिठाच्या चपात्या पोटभर खा, शुगर वाढणार नाही.” अण्णांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले आणि मलाही सुटल्यासारखे वाटले. पीठ किलोला 290 रुपये पडत होते. आमच्याकडे गहू आणून गिरणीत दळून घेतला तर किलोला पन्नासच्या आसपास खर्च येतो. महाग आहे म्हणजे त्यात काहीतरी असणार, असा विचार मी केला, आणि मी बँकेत काम करते हे येथे लाजेने नमूद करते.

पिशवीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक होता आणि तो खराही होता. त्यामुळे माझी खात्री अधिकच पटली. प्रत्यक्षात तो क्रमांक म्हणजे त्या उत्पादकाला अन्नपदार्थांचा व्यवसाय करण्याची परवानगी. पदार्थ खाल्ल्याने शुगर वाढत नाही, याचे ते प्रमाणपत्र नव्हे.

डिसेंबरमध्ये तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे एचबीए1सी, तपासणी झाली. आधी 7.4 असलेला आकडा 8.9 वर गेला होता. डॉक्टरांनी गोळ्यांविषयी विचारले तेव्हा अण्णा गप्प बसले. घरी येऊन पाकिटे मोजली तर संध्याकाळच्या गोळ्या जवळजवळ जशाच्या तशा. बाईंनी त्यांना व्हॉट्सॲपवर लिहिले होते की रस सुरू आहे तोवर संध्याकाळची गोळी बंद ठेवली तरी चालेल. पैशांचे दुःख मी विसरेन, हे वाक्य मात्र विसरणार नाही.

त्या रात्री मी प्रथमच पिशवीची मागची बाजू वाचली. पुढे नाचणी, मेथी, जांभूळ आणि कारल्याची चित्रे होती, तर मागे तीळभर अक्षरांत गव्हाचे पीठ 88 टक्के आणि जांभूळ बियांची पूड 0.2 टक्के होती. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिले नाव वाचले असते तरी पुरले असते. लाडूंत साखर नव्हती, पण खजूर आणि माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली, शुगर झटकन वाढवणारी भुकटी होती. शंभर ग्रॅममागे 62 ग्रॅम कर्बोदके, म्हणजे तीस ग्रॅमच्या एका लाडवात साधारण चार लहान चमचे साखरेइतकी. अण्णा रोज दोन खात होते. आमच्या गिरणीवाल्या काकांना तर वाचायचीही गरज पडली नाही. त्यांनी चिमूटभर पीठ बोटांत चोळले आणि म्हणाले, “ताई, हा आपलाच गहू आहे, थोडं बेसन घातलंय.”

गोळ्या पुन्हा नियमित सुरू झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, आम्ही घरीच तीन दिवस पडताळणी केली. तिन्ही दिवशी सकाळच्या शुगरमध्ये फारसा फरक नव्हता. मटकीची उसळ, काकडी आणि दही तेच ठेवले आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी शुगर पाहिली. त्यांच्या पिठाच्या तीन चपात्यांनंतर 231 आली, गिरणीतल्या साध्या गव्हाच्या तीन चपात्यांनंतर 228. यंत्राच्या आकड्यांत थोडे मागेपुढे होतेच, तेव्हा हा फरक म्हणजे फरक नव्हेच. तिसऱ्या दिवशी साध्या गव्हाच्या दोनच चपात्या आणि उसळ दुप्पट घेतली, तेव्हा 179 आली. ज्वारीची भाकरीही पिठाचीच असते आणि तीही मोजूनच खावी लागते, असे डॉक्टरांनी बजावले. ताटातल्या प्रमाणाचा प्रश्नच उरणार नाही, हेच त्या बाईंनी आम्हाला विकले होते, आणि आम्हा दोघांना विकत हवे होते तेही तेच.

मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने प्रतिबंधित आहे, आणि खाद्यपदार्थांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. काही दिवसांनी विक्रेत्याचा फोन आला: तक्रार मागे घेतल्याचे लिहून दिल्यास 6,000 रुपये परत करू. मी नकार दिला. अण्णांच्या फोनवरच्या गोळीविषयीच्या त्या संदेशाचे छायाचित्र मी आधीच काढून ठेवले होते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, म्हणून आता तेथे अर्ज केला आहे. पावती, ते छायाचित्र आणि दोन्ही तपासण्यांचे अहवाल सोबत जोडले आहेत.

अर्धी उरलेली पिशवी पुरावा म्हणून फडताळात ठेवली आहे. आईचे म्हणणे एवढेच, की पुराव्याला आता पोरकिडे लागले आहेत.