जुनी एअर रायफल घेतली, जुळवत नाही बसलो (इंदूर)

महिनाभर डोक्यात तेच, तयार जुनी घ्यायची की नळी, दस्ता, ट्रिगर एकेक नवे आणून मिस्त्रीकडून जुळवून घ्यायची. हिशोब केला तर जुळवाजुळवीत नव्या रायफलीएवढेच पैसे जात होते, म्हणून राजवाड्याकडच्या एका दुकानातून जुनी .177 (म्हणजे 4.5 मिमी छर्ऱ्याची) स्प्रिंगवाली उचलली. दुकानदार म्हणाला, "एकदम ओके आहे दादा". घरी खोलली तर आतलं चामड्याचं वॉशर वाळून कडक, कडेला चिरा पडलेल्या, हवेचा दाब सगळा तिथूनच निसटत होता, हे त्याने सांगायला हवं होतं, राग आला मला. पण वॉशर अन् स्प्रिंग बदलली आणि आता 10 मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात, जाम खूष आहे!

घेताना नळीत उजेड धरून बघाच, आतले आटे (छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या खाचा) स्वच्छ दिसले पाहिजेत, बाकी सगळं बदलता येतं. छर्ऱ्याची ताकद 20 जूलच्या आत असलेल्या .177 ला लायसन्स लागत नाही, पण पाखरांवर अजिबात चालवू नका, 1972 चा वन्यजीव कायदा आहे. स्कोप (नेमाची दुर्बीण) एअर रायफलचाच घ्या, स्प्रिंगचा झटका पुढेमागे दोन्हीकडे बसतो, साधा स्कोप टिकत नाही. रायफलला 5 स्टार, दुकानाला 2.