कुठून आलात, की का पळालात? जर्मनीतले दोन अर्ज

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर युक्रेनमधल्या खार्किव्हच्या एक शिक्षिका राहतात. मागे एकदा जिन्यातच थांबवून त्यांनी विचारलं, "माझ्या रहिवासाच्या कार्डाची मुदत संपत आली. आता असायलमचा अर्ज टाकू का? तो पक्का असतो म्हणे." जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना ऑफिसात, मुलांच्या शाळेत, जर्मनच्या क्लासमध्ये असं विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. आपण व्हिसाचे कागद भरून भरून तयार झालेलो असतो, त्यामुळे लोक आपल्यालाच विचारतात. पण नोकरीच्या व्हिसाचा अनुभव इथे फार उपयोगी पडत नाही.

युद्धातून आलेल्या माणसासाठी जर्मनीत दोन खिडक्या आहेत. पहिली तात्पुरत्या संरक्षणाची, म्हणजे रहिवास कायद्याचं कलम 24. दुसरी आश्रयाची, म्हणजे असायलमची. पहिल्या खिडकीवर विचारतात, तुम्ही कुठून आलात? दुसरीवर विचारतात, तुम्ही का पळालात, आणि परत गेलात तर तुमचं नेमकं काय होईल?

पहिली खिडकी सगळ्यांसाठी उघडी नाही. युगोस्लाव्हिया फुटल्यावर बोस्निया आणि कोसोव्होतून लोकांचे लोंढे आले. तो अनुभव घेऊन युरोपीय संघाने 2001 मध्ये तात्पुरत्या संरक्षणाचा नियम केला आणि पुढची वीस वर्षं तो कपाटातच राहिला. 2015 मध्ये सीरियातून लाखो लोक आले तेव्हाही तो बाहेर निघाला नाही. 4 मार्च 2022 रोजी पहिल्यांदा वापरला, तो युक्रेनसाठी. म्हणून सुदान किंवा अफगाणिस्तानातून आलेल्या माणसाला हा लेख निवड करायला कामाचा नाही. त्याच्यासमोर एकच खिडकी आहे. हे न्याय्य आहे असं मला वाटत नाही, पण कायदा आज असा आहे.

कलम 24 खाली युक्रेनचा पासपोर्ट आणि 24 फेब्रुवारी 2022 च्या आधी तिथे राहत असल्याचा पुरावा, हा मुख्य मुद्दा. छळाची कहाणी सांगावी लागत नाही. गावात नाव नोंदवा, परदेशी नागरिकांच्या कचेरीत अर्ज द्या, बोटांचे ठसे द्या. कार्ड येईपर्यंत एक कागद मिळतो, त्याचं नाव इतकं लांब की माझ्या शेजारीण त्याला 'ती आगगाडी' म्हणतात: फिक्त्सियोन्सबेशायनिगुंग. कामाची परवानगी मिळते, मुलं शाळेत जातात, पासपोर्ट स्वतःजवळ राहतो. आईला भेटायला थोडे दिवस युक्रेनला जाऊन आलं तरी संरक्षण आपोआप जात नाही, फक्त जाण्याआधी कचेरीला आणि भत्ता देणाऱ्या खात्याला विचारावं.

खोट एकच, पण मोठी: हे 'तात्पुरतं' आहे. आत्ताची मुदत 4 मार्च 2027 पर्यंत. मधल्या काळात जर्मन सरकारने कार्डांची मुदत सरसकट वाढवली, त्यामुळे कार्डावर जुनी तारीख छापलेली असूनही ते चालतं. शेजारीणबाईंची निम्मी काळजी तिथेच मिटली. पण या कार्डावरून थेट कायमचा रहिवास मिळत नाही, की नागरिकत्व.

आता दुसरी खिडकी. अर्ज घेते आणि निर्णय देते ती स्थलांतर आणि निर्वासितांची संघीय कचेरी, तिला सगळे 'बाम्फ' म्हणतात, मुख्यालय न्यूरेंबर्गला. लोकांना वाटतं, युद्ध चालू आहे म्हणजे आश्रय मिळालाच. तसं नाही. 1951 च्या जिनिव्हा करारात 'निर्वासित' ठरायला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांपैकी एका कारणाने छळाची भीती लागते. नुसत्या बॉम्बवर्षावाचा त्यात समावेश नाही. त्यासाठी खालची पायरी आहे, दुय्यम संरक्षण: अंधाधुंद हिंसेमुळे सामान्य नागरिकाच्या जिवाला गंभीर धोका असेल तर. आणि तिथेही अधिकारी विचारू शकतो, खार्किव्हमध्ये धोका होता हे मान्य, पण पश्चिमेकडे ल्वीव्हला का नाही गेलात? देशात दुसरीकडे सुरक्षित राहता येत असेल तर अर्ज फेटाळता येतो. तरुण पुरुषाने 'मला सैन्यात जायचं नाही' एवढंच सांगितलं तर तेही सहसा पुरत नाही.

निर्वासित दर्जा मिळालाच तर मात्र तो भक्कम असतो: तीन वर्षांचा परवाना, प्रवासासाठी निळी पुस्तिका, पुढे अटी पूर्ण केल्या की कायमचा रहिवास. पण तिथवर पोचेपर्यंत पासपोर्ट जमा करावा लागतो, सुरुवातीचे महिने छावणीत जाऊ शकतात, काम करायला आधी काही महिने बंदी असते. दर्जा मिळाल्यावर मायदेशी गेलात तर तो काढून घेण्याची कारवाई सुरू होऊ शकते. आणि अर्ज चालू असताना बहुतेक दुसरे परवाने अडतात. नर्सची नोकरी हातात आली तरी फाइल मध्ये आडवी येते.

सगळ्यात गंमत (गंमत म्हणायची, दुसरं काय) पुढे आहे. कलम 24 चं कार्ड असताना आश्रयाचा अर्ज टाकलात, तर कायद्यानेच त्याची सुनावणी थांबते. तो अर्ज नुसता पडून राहतो. कार्डाची मुदत संपल्यावर एका महिन्याच्या आत 'मला पुढे चालवायचा आहे' असं बाम्फला कळवलं नाही, तर तो मागे घेतला असं धरतात. म्हणजे 'आत्ता टाकून ठेवू, पुढे कामाला येईल' या हिशेबाने फारसं काही हाती लागत नाही.

मग आश्रयाची खिडकी कुणासाठी? ज्याची स्वतःची वेगळी गोष्ट आहे, त्याच्यासाठी: पत्रकार, व्याप्त भागात रशियन यंत्रणेने उचलून नेलेला माणूस, किंवा ज्याला कलम 24 लागूच होत नाही. त्याने सुनावणीची तयारी मन लावून करावी. निकाल बहुतांशी त्या एका दिवसावर ठरतो. दुभाषा बोलतो, अधिकारी टंकतो, शेवटी सगळं परत वाचून दाखवतात. कंटाळून 'हो हो' म्हणू नका. तारीख चुकली असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढे कोर्टात तीच चूक तुमच्या विरुद्ध उभी राहते. स्त्रीला स्त्री अधिकारी मागता येते. कारितास, डियाकोनी या चर्चच्या मदतसंस्थांकडे फुकट सल्ला मिळतो, तो सुनावणीच्या आधी घ्या, नंतर नाही.

निकाल पिवळ्या पाकिटातून येतो. ते पाकीट फेकू नका. त्यावर पोस्टमनने हाताने तारीख लिहिलेली असते आणि अपिलाची मुदत तिथून मोजतात, तुम्ही पाकीट फोडलं त्या दिवसापासून नव्हे. मुदत साधारण दोन आठवडे, काही प्रकरणांत एकच. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं पाकीट गावाला गेलेल्या शेजाऱ्याच्या पेटीत पडून राहिलं होतं आणि पुढचं सगळं वकिलाच्या मेहनतीवर गेलं.

आपल्या मुलांचंही थोडं. 2022 मध्ये ऑपरेशन गंगातून युक्रेनमधले हजारो भारतीय विद्यार्थी परत आले, त्यांत महाराष्ट्राचे बरेच होते. काही जण जर्मनीत थांबायचा विचार करत होते. त्यांना आश्रयाचा उपयोग नव्हता, कारण भीती तपासतात ती पासपोर्ट ज्या देशाचा त्या देशाबद्दल. खार्किव्हमध्ये रॉकेट पडलं, याचा नागपूरला परत जाण्याशी संबंध लागत नाही. त्यांच्यासाठी विद्यार्थी व्हिसाच खरा रस्ता होता.

शेजारीणबाईंना मी आश्रयाचा अर्ज टाकू नका असं सांगितलं. त्यांच्याकडे गणिताची पदवी आहे आणि बी1 पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, जर्मन झालंय. कलम 24 वरून कुशल कामगाराच्या किंवा प्रशिक्षणाच्या परवान्यावर जाता येतं आणि तो परवाना मार्च 2027 च्या तारखेला बांधलेला नसतो. फक्त पदवीची मान्यता करून घ्यावी लागते आणि तिला महिने लागतात. डिप्लोमा खार्किव्हच्या घरात राहिला होता. त्यांच्या बहिणीने तो खिडकीच्या फुटक्या काचांतून शोधून काढला, फोटो पाठवला, पण कचेरीला भाषांतराबरोबर प्रमाणित प्रत हवी आहे. सध्या तो कागद पोलंडमार्गे येणाऱ्या एका बसच्या ड्रायव्हरकडे आहे.