चिप्ससाठी आलू: कोल्ड स्टोरेजचा, चिप्सोना की जनुक बदललेला?

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या एका बचत गटाला चिप्सची भट्टी सुरू करायची आहे. कळमन्याच्या बाजारात आलूचे दोन भाव, एक कोल्ड स्टोरेजच्या साध्या आलूचा, दुसरा चिप्सोनाचा, ऐकून त्या ताई गोंधळल्या. त्यात कुणीतरी सांगितलं, विदेशात कमी साखरेचा जीएम, म्हणजे जनुक बदललेला आलू आलाय, थोडं थांबा. म्हणून हे लिहितेय.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहू. मागच्या जुलैत स्वस्त मिळाला म्हणून मी एका अडत्याकडून कोल्ड स्टोरेजचा आलू घेतला. कापला तेव्हा पांढराशुभ्र. पहिला घाणा काढला तर काप कडेनं करपल्यासारखे, मधे तपकिरी डाग, चव कडवट. तेल तेच, आच तीच. चार कट्टे वाया गेले. २ ते ४ अंशांत ठेवलेला आलू आपल्यातल्या स्टार्चची साखर करतो. त्यातलं इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनवतं. कढईत ही साखर आलूतल्याच ॲस्पॅराजिन नावाच्या अमिनो आम्लाशी भिडते आणि काप काळा पडतो. ॲक्रिलामाइड नावाचं रसायनही तिथेच तयार होतं. तळलेल्या आलूत ते असल्याचं २००२ मध्ये स्वीडनमध्ये उघड झालं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं कर्करोग झालेला आहे. चिप्सची पाकिटं लेकरं फोडतात, त्यामुळे माझ्यासाठी हा नुसता रंगाचा प्रश्न नाही.

कोल्ड स्टोरेजचा साधा आलू भाजीला, आलूबोंड्याला चांगला. तळायच्या चिप्सला घेऊ नका. १५ ते २० अंशांत दोन-तीन आठवडे ठेवला तर बरीच साखर उतरते, पण नागपुरात हे हिवाळ्यातच जमतं. मे महिन्याच्या ४५ अंशांत तो खोलीत ठेवला तर सडेल. वाळवणाच्या चिप्सला मात्र चालून जातो, कारण काप उकळत्या पाण्यातून काढताना थोडी साखर पाण्यात जाते.

चिप्सोना हा चिप्ससाठीचा आलू शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं संकरातून काढला. चिप्सोना-१ आणि २ हे वाण १९९८ चे. साखर मुळात कमी, पाणीही कमी, म्हणून तेलही कमी पितो. भाव चढा असतो. तो १० ते १२ अंशांत ठेवावा लागतो, आणि त्या तापमानात कोंब येतात, म्हणून सीआयपीसी नावाचं औषध मारतात. युरोपीय संघानं २०२० पासून ते बंद केलं आहे. ही चिप्सोनाची खरी कमजोर बाजू, आणि जनुक बदललेला आलू नेमका इथेच सरस ठरतो: त्याला ३-४ अंशांत ठेवता येतं, तिथे कोंबही येत नाहीत आणि साखरही वाढत नाही.

त्याचेही दोन प्रकार आहेत. अमेरिकेत सिम्प्लॉट कंपनीच्या ‘इनेट’ आलूला २०१४ मध्ये तिथल्या कृषी खात्याची मोकळीक मिळाली. त्यात आलूचीच काही जनुकं गप्प केली आहेत. पुढच्या पिढीत इन्व्हर्टेजचंही. दुसरा मार्ग संपादनाचा, म्हणजे इन्व्हर्टेजचं जनुक तिथल्या तिथे मोडायचं. आलूत प्रत्येक जनुकाच्या चार प्रती, चारही मोडाव्या लागतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात बदल झालेल्या १८ रोपांपैकी ५ मध्येच ते साधलं, पण त्या पाचांच्या आलूत ग्लुकोज-फ्रुक्टोजची साखर मोजण्याइतकीही उरली नाही. मला हाच मार्ग जास्त पटतो. बाहेरचं जनुक मागे न ठेवताही तो जमतो.

पण कळमन्यात यातलं काहीच मिळणार नाही. आपल्याकडे लागवडीसाठी बाजारात आलेलं जीएम पीक एकच, २००२ चा बीटी कापूस. कापूस संशोधन संस्था आपल्याच वर्धा रोडवर असल्यानं नागपूरकरांना तो वाद नवा नाही. बीटी वांगं २०१० पासून अडकून आहे. संपादित पिकांचे नियम २०२२ मध्ये सैल झाले, २०२५ मध्ये तसे दोन भातवाण जाहीर झाले. आलू आला तर याच वाटेनं येईल. त्याच्या भरवशावर भट्टी थांबवू नका ताई, चिप्सोना घ्या.

घेताना एकच करा: आलू किती अंशांत ठेवला होता ते विचारा, कारण ४ अंशांत ठेवला तर चिप्सोनाही गोड होतो. उत्तर काहीही मिळो, वेगवेगळ्या कट्ट्यांतले पाच-सहा आलू घरी आणा, मधले काप तळा, बुडबुडे थांबले की काढा. फिकट पिवळे निघाले तरच गाडी भरा.